बोंडअळी ऑनलाइन

कापूस घरात आला की आमच्या घरातली माणसं बाहेर पडतात. पहिली वेचणी पडवीत मावते, दुसरीला पुढची खोली द्यावी लागते आणि तिसरीच्या वेळी आम्ही अंगणात, जिथं जागा मिळेल तिथं ताटं घेऊन बसतो. केदारखेड्यात पुष्कळ घरांची हीच रीत आहे. पुढच्या खोलीत कापूस भिंतीला लागून चढत जातो. आधी खाट गडप होते, मग शिवणयंत्र, मग टीव्ही, आणि शेवटी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीच्या पायाशी येऊन तो थांबतो. यंदाही तिथंच थांबलाय. चार दिवसांची सुटी काढून मी जालन्याहून वेचणीला आले आणि दारातच तो वास आला, उन्हाचा, वाळल्या पाल्याचा, थोडासा सरकीच्या तेलाचा. पाठोपाठ मानेला खाज सुटली. म्हणजे मी घरी पोचले होते.

संकेत माझा मामेभाऊ. छत्रपती संभाजीनगरला राहतो. तोही परवा आला आणि कापसाला पाठ टेकून चहा पिता पिता म्हणाला, "सुजा, आता बियाण्याच्या कंपनीत नोकरी करतेस तू. एखादा कन्सोल घे की. मोबाईलवर किती दिवस टाइमपास करणार?"

टाइमपास! पुढे तर त्याला आणखी जोर चढला. मोठा पडदा, हातात बसणारं पॅड, जागच्या जागी लागणारं बटण, कानाभोवती फिरणारा आवाज. मोबाईलवाल्यांनी कितीही उड्या मारल्या तरी घरच्या कन्सोलची बरोबरी व्हायची नाही, विषय संपला, असं म्हणून त्याने कप खाली ठेवला. मला रागच आला. विषय संपवणारा हा कोण? आठ वर्षांपूर्वी याच खोलीत, याच कापसात तो हाच विषय घेऊन बसला होता आणि तेव्हाही त्याला शेवटपर्यंत बसता आलं नव्हतं.

आधी त्याचं जे खरं आहे ते देऊन टाकते. मोबाईल तापतो. ऐन मोक्याला बॅटरी लाल होते. जाहिराती डासांसारख्या अंगावर येतात. खेळ रंगात आलेला असतो आणि मध्येच आईचा फोन वाजतो, "येताना कोथिंबीर आण." त्या दोन मिनिटांत शत्रू आपल्याला मारून, आपलं सामान लुटून, पुढच्या गावाला पोचलेला असतो. चित्राच्या बाबतीतही बोलायला नको. संकेतच्या पडद्यावर गवताची पाती मोजता येतात आणि माझ्या फोनवर गवत म्हणजे हिरवा डाग. हे सगळं कबूल. पण बरोबरी कशाची करायची, हे एकट्या संकेतने का ठरवायचं?

त्या वर्षीची वेचणी मला आजही बोटांनी आठवते. वेचणीत आधी बोटं जातात. उकललेल्या बोंडाची वाळकी टोकं नखाच्या मुळाशी टोचतात, अंगठ्याला चिरा पडतात, आणि त्या चिरांत सकाळचं दव शिरलं की जीव कळवळतो. म्हणून दव उतरेपर्यंत आम्ही बांधावर बसायचो. ताई आणि मी. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचं लग्न ठरलं होतं, शहागडला, गोदावरीच्या काठी, हायवेला लागून. वेचणी उरकली की लग्न. आईबाबांच्या तोंडी तेव्हा ही दोनच कामं होती आणि दोन्ही एकाच सुरात सांगितली जायची. त्या वर्षी कापूस कधी संपूच नये असं वाटणारी गावात मी एकटीच असेन.

आम्हा दोघींत फोन एक. दव उतरेस्तोवर आम्ही त्यावर खेळायचो. चौघांची टीम, विमानातून उडी, बंदुका गोळा करायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. एक डाव तिचा, एक माझा. खेळात नाव घालायला सांगितलं तेव्हा ताईने घातलं 'बोंडअळी'. बाबांना ते कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, लोकं फवारून फवारून मरून राह्यले तिच्यासाठी, अन् तू तेच नाव घेती? दुसरं काई भेटलं न्हाई तुला?"

ताई म्हणाली, "बाबा, ती बोंडात गपचूप बसती, कुनाला दिसत बी न्हाई. अन् बाहेर येती तवा सगळं साफ केलेलं असतं. मला असंच खेळायचंय."

तिच्या अंगठ्याला इतक्या चिरा होत्या की काचेला तो अंगठा कळायचाच नाही. दाबला तरी खेळातली बाई जागची हलायची नाही. मग ताईने अंगठ्यांचा नादच सोडला. कमरेला बांधलेली कापसाची ओटी मांडीवर घ्यायची, तिच्यावर फोन आडवा ठेवायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी वरून टिपायचं, एकीकडे चालायचं, दुसरीकडे नेम धरायचा, तिसऱ्या बोटाने गोळी. ती कापूस वेचायची तसाच हा हात होता. इतर बाया एका हाताने फांदी धरतात आणि दुसऱ्याने वेचतात. ताईचे दोन्ही हात दोन वेगळ्या बोंडांवर असायचे आणि डोळे तिसऱ्यावर. एका तासाच्या, म्हणजे ओळीच्या, शेवटी ती पोचायची तेव्हा मी अर्ध्यावर असायचे.

तर अशा त्या दिवाळीच्या सुटीत संकेत आला, स्वेटरमध्ये गुंडाळलेला कन्सोल घेऊन. आला तोच टीव्ही शोधायला लागला. टीव्ही कापसात. आम्ही तिघांनी मिळून कापूस उपसला तेव्हा पडद्याचा वरचा काठ दिसला. प्लग तर पार तळाशी. ताईने खांद्यापर्यंत हात घालून तो चाचपून काढला. एकदाचा टीव्ही सुरू झाला, रंगीत उजेड कापसावर पडला, आणि ते मात्र खरंच फार सुंदर दिसलं. संकेत ढिगावर मांडी घालून बसला, राजासारखा. त्याने पॅड ताईच्या हातात दिलं.

ताईचा खेळाडू भिंतीला जाऊन धडकला. वळवला तर दुसऱ्या भिंतीला. तिची बोटं बटणं शोधत राहिली आणि अंगठे त्या दोन फिरत्या दांड्यांवर घसरत राहिले. संकेत पोट धरून हसला. "ताई, हा काय मोबाईल वाटला का तुला? इथं खरं खेळावं लागतं." ताईही हसली, पण तिने पॅड हळूच खाली ठेवलं आणि हात ओढणीत लपवले. चिरा पडलेले हात. ते मी पाहिलं आणि तेव्हापासून ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. आधी संकेतला खाज सुटली. साठवलेल्या कापसावर उघड्या पायांनी बसलं की सुटतेच. तो पॅड टाकून पोटऱ्या खाजवायला लागला. मग बाबा दारात आले. "कापसावर कोन चढलं? उतर खाली! पायाची माती लागून राह्यली त्याला, घेनारा काय तुझा मामा लागतो का?" आणि संकेत उतरतोय तोवर लाइट गेली. पडदा काळा. कन्सोलचा बारीकसा दिवाही विझला. ताईने ओटी उचलली आणि म्हणाली, "चल शेतात. तितं लाइट लागत न्हाई."

दुपारी भाकरी झाल्यावर बांधावरच्या बाभळीखाली तिने त्याला आपल्या फोनवर एक डाव खेळू दिला. संकेत पहिल्या तीन मिनिटांत मेला. दुसऱ्या डावात ताई बसली, मांडीवर ओटी, ओटीवर फोन. आजूबाजूच्या दोन बायाही येऊन वाकून बघायला लागल्या. खेळातल्या एका पडक्या घरात बोंडअळी गपचूप बसून राहिली. बाहेर सगळे एकमेकांना मारत होते. शेवटी दोघं उरले तेव्हा ती बाहेर आली आणि तो डाव तिने जिंकला. संकेत तिच्या बोटांकडे बघत होता. "असं चार-चार बोटांनी तर मोठ्या स्पर्धेतले लोक खेळतात," तो म्हणाला. "तुला कुणी शिकवलं?" ताईने समोरच्या कापसाच्या पऱ्हाटीकडे हनुवटीने दाखवलं आणि उठून कामाला लागली. विषय खरं तर तेव्हाच संपायला हवा होता.

वेचणी संपली. लग्न झालं. निघताना ताईने फोन माझ्या हातात ठेवला. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तुझी बारावी हाय. तुला लागंल." मला तिचा राग आला, स्वतःचाही आला. गाडी जालन्याच्या रस्त्याला लागली तेव्हा मी रिकाम्या खोलीत जाऊन ढसाढसा रडले. त्याच आठवड्यात कापूस गेला होता आणि भिंतीवर तो जिथपर्यंत होता तिथपर्यंतची रेघ राहिली होती.

मग सुरू झाले ते फोन. ज्यांच्या बहिणी लग्न होऊन गेल्या त्यांना हे फोन माहीत असतील. सासूबाईंच्या मोबाईलवरून, स्पीकर लावून, सगळ्यांच्या मध्ये बसून केलेले. "बरी हाय." "जेवली का?" "पानी आलतं का तिकडं?" "आईला सांग बरी हाय." आवाज ताईचा, पण त्यात ताई नाही. मी विचारायचे, तुला करमतं का? ती म्हणायची, हो, अगदी. आणि मागून कुणीतरी हसायचं. असं करत वर्ष गेलं. मला खात्री झाली की माझी बहीण मला सापडायची नाही, नुसती तिची खुशाली कळत राहील.

पुढच्या वेचणीत मी एकटीच त्या बांधावर बसले होते, दव उतरायची वाट बघत, फोनवर उगाच एकेक डाव खेळत. बोंडअळी हे नाव ताईचंच, म्हणून मी माझं वेगळं खातं उघडलं होतं. आणि पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका आला. बोंडअळी ऑनलाइन. मी दोनदा वाचलं. मी तिला टीममध्ये घेतलं, कानात इअरफोन घातला, आणि वर्षानंतर ताईचा खरा आवाज आला. "सुजे, डावीकडं पळ, डावीकडं! दोघं हायेत!"

दाजींनी काच तडकलेला जुना फोन घरात टाकून दिला होता, तो तिने उचलला होता. शहागडच्या घरातही पुढच्या खोलीत कापूस. सकाळी सासूबाई बाहेर गेल्या की ताई त्या ढिगाच्या आडोशाला बसायची. आम्ही रोज भेटायला लागलो. गोळ्या झाडता झाडता ती सांगायची, हायवेच्या ट्रकांनी सारं घर हलतं, भाजीत इथे गूळ घालतात, नदीला पाणी आलंय. फोनवर जे बोलता येत नव्हतं ते इथे येत होतं, कारण बघणाऱ्याला वाटावं की ही खेळतेय. संकेतच्या कन्सोलला खोली लागते. आम्हाला खोलीच नव्हती, आम्हाला तो खेळ हीच खोली होती. तिला कडी नव्हती, एवढंच.

कारण एका सकाळी एका भिंतीच्या आड दोघी लपलो असताना ती एकदम म्हणाली, "सुजे, मला हितं करमना गं." आणि मग नुसता खरखराट.

मला काय माहीत, की त्याच क्षणी दारात पाऊल वाजलं आणि तिने घाबरून फोन कापसात खुपसला. नुसता ठेवला नाही, खांद्यापर्यंत हात घालून आत सारला, आमच्या घरी प्लग शोधला होता तसा. मी इकडे बोलतच होते. "ताई? रडती का? रडू नको. मी उद्याच बाबाला धाडते. तू निघून ये. त्या लोकांचं काई ऐकू नको तू, मी बघते त्यांच्याकडं!" ताई हात घालून फोन शोधत होती आणि फोन काही सापडत नव्हता, नुसता माझा आवाज कापसातून येत होता. सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. शेवटी त्यांनीच पदर खोचला, ढिगात हात घातला आणि तो बाहेर काढला. माझ्या कानात एक भरडा आवाज आला, "कोन हाय गं?" मी खेळ बंद केला.

त्यानंतर हिरवा ठिपका दिसला नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. सासूबाईंच्या मोबाईलवरून फोनही नाही. मी आईला सांगितलं, आईने बाबांना. मी वेचत होते आणि माझ्या तोंडातून गेलेला प्रत्येक शब्द मला परत परत ऐकू येत होता. त्या लोकांचं ऐकू नको. मी बघते त्यांच्याकडं. बहिणीचं एक दार होतं ते मीच ओरडून लावून टाकलं, असं वाटायचं.

नवव्या दिवशी बाबा शहागडला जायला निघाले आणि सकाळी, दव असतानाच, ठिपका आला. ताई हसत होती की रडत होती ते मला आधी कळेना. म्हणाली, "बाबाला थांबव. आत्याबाईनं फोन दिला. त्यांच्या पेटीत ठिवल्ता." सासूबाईंनी फोन परत देताना तिला एकच शिवी हासडली होती, आणि ती भलत्याच गोष्टीवरून. "तापलेला फोन कापसात खुपसती? घर पेटवती का माझं?" मग त्या खाटेवर बसल्या. आणि म्हणाल्या, "माझी बी धाकली भैन मंठ्याला दिल्ती. लगनानंतर तिचा आवाज मला तीन वर्सांनी ऐकायला भेटला. ते बी मयतीत."

एवढं बोलून त्या चुलीकडे गेल्या. पुढे ताईला तिथे करमलं, लगेच नाही, हळूहळू. आता तिला मुलगी आहे. मी शिकले, नोकरीला लागले. बोंडअळीचा ठिपका आला नाही असा आठवडा मात्र मध्ये गेला नाही.

म्हणून परवा संकेतने कप खाली ठेवला तेव्हा मी त्याला म्हटलं, चल शेतात. तो हसला, पण आला. काल सकाळी दव होतं. बाभळीखाली मी खेळ उघडला, कोपऱ्यात ठिपका होताच. टीममध्ये आणखी दोन नावं होती, एक 'आक्का' आणि एक 'सरू'. मी फोन संकेतच्या हातात दिला आणि एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या.

"कोण आहेत ह्या?" संकेत म्हणाला. "बंदुका का उचलत नाहीत? उघड्यावर चालल्यात सरळ!"

"एक आमच्या आत्याबाई, अन् एक त्यांची मंठ्याची भैन," ताईचा आवाज आला. "मावशीचे गुडघे गेले, तिला घराभाईर निघता येत न्हाई. डाव्या बाजूचं गोल फिरवलं की चालता येतं, एवढंच शिकवलंय मी दोघींना. त्यांना खेळायचं न्हाई, संकेत. त्यांना संग चालायचंय. तू मागं रहा अन् राखन कर."

मोठ्या पडद्याच्या, जागच्या जागी लागणाऱ्या बटणांच्या त्या माणसाने इअरफोन कानात नीट दाबला. तो माझ्या हिरव्या डागांच्या गवतात, तापायला लागलेला फोन दोन्ही हातांत घट्ट धरून, दोन म्हाताऱ्यांच्या मागे मागे जात राहिला. डोंगरावरून गोळ्या आल्या तेव्हा तो मध्ये उभा राहिला. त्याचं रक्त लाल रेघेत उतरत होतं आणि पुढे त्या दोघी एकमेकींना चिकटून, कुठलीही घाई नसल्यासारख्या चालल्या होत्या.

"आक्का," मंठ्याचा आवाज आला, "दम लागला का गं?"

"न्हाई," शहागडचा भरडा आवाज म्हणाला. "हितं दम कुटं लागतो? चल, त्या नदीपस्तोर जाऊ."